भोक नसलेलं पंक्चर

आयर्लंड हा छोटासा देश आहे असं ज्याने कुणी लिहून ठेवलंय, तो हा देश मोटारीत बसून फिरला असणार, अशी सातव्या दिवशी रविकांतची पक्की खात्री झाली. मिझन हेड हे बेटाचं खालचं टोक, मॅलिन हेड हे वरचं. नकाशावर वीतभर अंतर. सायकलवर ते साडेसहाशे किलोमीटर भरतं, आणि त्यातला एकही किलोमीटर सपाट असल्याचं त्याला आठवत नव्हतं.

सगळे सायकलवाले खालून वर जातात. कारण इथला वारा वर्षातले अकरा महिने नैर्ऋत्येकडून येतो आणि माणसाला पाठीमागून ढकलत नेतो. यांनी मात्र नेमका जूनचा तो आठवडा निवडला, ज्या आठवड्यात वाऱ्याला उत्तरेकडून यायची लहर आली. केरीत वारा समोरून, क्लेअरमध्ये समोरून, स्लायगोत तर पाऊस घेऊन समोरून. ‘उद्या फिरेल,’ असं ओजस रोज रात्री फोनमध्ये बघून सांगायचा. चौथ्या दिवसापासून त्याचं कुणी ऐकेनासं झालं होतं.

चार सायकली आणि एक व्हॅन. ओजस कॉर्कच्या औषधांच्या कारखान्यात नोकरीला, सहलीचं वेळापत्रक त्याचं. अनीशचं गॉलवेच्या विद्यापीठातलं शिक्षण नुकतंच संपलेलं, नोकरी शोधणं चालू. निहारिका कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत, बोलणं कमी आणि पाय लोखंडाचे. तिघंही तिशीच्या आगेमागे. चौथा रविकांत, वय वर्षं छप्पन्न. आणि व्हॅन चालवायला त्याची बायको लता, जिला सायकल येत नव्हती आणि यायला नकोही होती.

लताची पद्धत ठरलेली. सायकलींना पुढे जाऊ द्यायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग व्हॅन काढायची. सगळ्यांत मागे रविकांत असायचा. त्याला गाठलं की दोनदा हॉर्न वाजवायचा, पुढे जायचं आणि आठ-दहा किलोमीटरवर एखाद्या शेताच्या फाटकाशी चहाचा थर्मास घेऊन उभं राहायचं. दिवसातून आठ वेळा तो हॉर्न ऐकला की रविकांत हात वर करायचा. हात वर करायलाही आता खांदा दुखत होता.

दुखत काय नव्हतं, ते विचारा. पण तोंडातून ब्र काढायचा नाही, हे त्याने मिझनलाच ठरवलं होतं. त्याला कारणही होतं.

रविकांत बावीस वर्षं गॉलवेच्या एका मेडिकल डिव्हाइस कंपनीत क्वालिटी बघत होता. हृदयाच्या नळीत बसवायच्या स्टेंटच्या बॅचेस त्याच्या सहीशिवाय दाराबाहेर पडत नसत. मागच्या ऑक्टोबरात एका सकाळी जिना चढताना छातीत कळ आली, आणि ज्या वस्तूत त्याने आयुष्यभर खोट काढली ती वस्तू त्याच्याच छातीत जाऊन बसली. महिन्याभरात तो हिंडायला-फिरायला लागला. पुढे डॉक्टरांनी सायकललाही परवानगी दिली. म्हणाले, चालवा, फक्त शर्यत लावू नका.

हृदय सुधारलं, माणसं बिघडली. कंपनीत खोकं उचलायला वाकला की डेक्लन धावत यायचा, ‘टेक इट हँडी, रवी,’ म्हणजे जपून, जपून. मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी खुर्च्या लावणारा हा माणूस. यंदा त्याला दारात बसवून अत्तर लावायला दिलं. भेटेल तो आधी चेहऱ्याकडे न बघता छातीकडे बघायचा. या सगळ्याचा त्याला इतका वीट आला, की ओजसने सहलीचं काढल्याबरोबर त्याने नाव दिलं. तिघंही मंडळात नवीन होती, कुणालाच स्टेंटचं माहीत नव्हतं.

“एक आठवडा मला कुणाचाही पेशंट व्हायचं नाही,” तो लताला म्हणाला होता. “या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्या पायांनी जाणार. कुणाला सांगणार नाहीस. माझी शपथ घे.”

लताने शपथ घेतली. एवढ्या लवकर घेतली, तेव्हाच त्याला संशय यायला हवा होता.

आता त्या पंक्चरांबद्दल सांगायला हवं.

पहिलं पंक्चर पहिल्याच दिवशी बँट्रीच्या अलीकडे झालं, ओजसचं. मोठा चढ संपला होता, रविकांतला डोळ्यांपुढे काजवे दिसत होते, आणि वर पाहतो तो तिघं गवतात बसलेली आणि ओजसच्या सायकलचं मागचं चाक बसलेलं. रविकांतला मनातून बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी निहारिकाचं. ट्रलीच्या बाहेर अनीशचं. नदी ओलांडायच्या फेरीबोटीतून उतरल्यावर पुन्हा ओजसचं. सातव्या दिवसापर्यंत अकरा पंक्चर झाली, आणि रविकांतचं एकही नाही.

या पोरांना पंक्चर काढता येत नाही असा त्याचा समज झाला होता, आणि तो त्याला आवडलाही होता. “सरका, तुम्हाला नाही जमायचं,” म्हणत तो चाक हातात घ्यायचा. पोरं गवतात आडवी व्हायची, आणि हा घामेजल्या अंगाने टायर सोडवायचा, ट्यूब काढायचा, हवा भरायचा. लता व्हॅनमधून कणीक मळायची परात काढून त्यात पाणी ओतून द्यायची. हा ट्यूब इंच-इंच पाण्यात बुडवायचा. बुडबुडा एकही यायचा नाही.

इथे दुसरा कुणी असता तर ट्यूब परत घालून मोकळा झाला असता. पण हा क्वालिटीवाला. “भोक सापडल्याशिवाय चाक लावायचं नाही,” हा त्याचा नियम. टायरच्या आतून बोटं फिरवून काटा शोधायचा, रिम तपासायची, पुन्हा परात. अर्ध्या-पाऊण तासाने हार मानून नवीन ट्यूब घालायचा, वर दोनशे वेळा पंप मारायचा आणि उठताना कमरेला हात लावून, कुणी बघत नाही ना ते बघायचा. विश्रांती सगळ्यांना मिळायची, याला सोडून.

सातव्या दिवशी बार्न्समोरच्या खिंडीत अनीशचं अकरावं पंक्चर काढताना तो म्हणाला, “मला काय वाटतं माहितीये? या सगळ्या ट्यूब एकाच लॉटच्या आहेत. व्हॉल्व्हची रबरं सदोष. मी कंपनीला लिहिणार आहे.”

“लिहा ना काका,” ओजस म्हणाला आणि तोंड फिरवून डोंगराकडे बघू लागला.

“नक्की लिहा,” लता म्हणाली. परात धरलेले तिचे हात थरथरत होते. रविकांतला वाटलं, थंडीने.

त्या संध्याकाळी सगळे लेटरकेनीला पोचले. देवयानी, लताच्या मावसबहिणीची मुलगी, तिथल्या इस्पितळात डॉक्टर. तिच्याकडे मुक्काम. वरण-भात खाऊन सगळे जे झोपले ते सकाळीच उठले. म्हणजे रविकांतला तरी तसं वाटलं.

सकाळी देवयानीने पोहे केले. शेवटचा दिवस, मॅलिन हेड साधारण ऐंशी किलोमीटर. ओजसने फोन बघून वारा उत्तरेचाच असल्याचं सांगितलं. पोह्यांवर लिंबू पिळता पिळता देवयानी सहज म्हणाली, “काका, रक्त पातळ करायची गोळी घेतलीत ना? आणि जिभेखालचा स्प्रे मावशी, तुझ्याकडेच ठेव हं.”

रविकांतचा घास तोंडातच राहिला. त्याने हळूच टेबलाभोवती नजर फिरवली. गंमत म्हणजे कुणाच्याही हातातला चमचा थांबला नाही. निहारिका पोहे खात होती. अनीशने शेव मागितली. कसली गोळी, कसला स्प्रे, असं एकानेही विचारलं नाही.

बावीस वर्षं माणसांकडून चुका कबूल करवून घेतलेला माणूस तो. त्याला एवढं पुरलं.

“अनीश,” तो म्हणाला, “काल खिंडीत तुझं चाक कशाने बसलं रे?”

खरं बोलायचं असेल तर माणूस विचारणाऱ्याकडे बघतो, आणि खोटं बोलायचं असेल तर साहेबाकडे. अनीशने लताकडे बघितलं.

“काका, सॉरी. मीच हवा सोडली. काल माझा टर्न होता.”

“टर्न?”

“शेड्यूलमध्ये पंक्चरचा कॉलम आहे,” निहारिका म्हणाली. सात दिवसांत ती एवढं पहिल्यांदाच बोलत होती. “काका, आम्हाला वाटलं होतं तुम्ही बसाल आणि आम्ही काढू. पण तुम्ही कुणाला हातच लावू देत नव्हता.”

म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला. अकरा पंक्चर, अकरा वेळा परात, बावीसशे पंप, आणि ट्यूबच्या कंपनीला लिहायच्या पत्राचा मजकूर त्याने रात्री झोपेत पाठ केला होता! रविकांत उठला, बूट घातले आणि अंगणात गेला. लता मागोमाग आली.

“तू माझी शपथ मोडलीस.”

“मोडली,” लता म्हणाली. “निघायच्या आदल्या दिवशीच मोडली. झालं का काही तुम्हाला? चांगले ठणठणीत उभे आहात. मोडली नसती, तर बघायला मिळालं असतं.”

“मला एक आठवडा माणसासारखं जगायचं होतं, लता. तुम्ही सगळ्यांनी मिळून माझं नाटक केलंत.”

“मग काय करायचं होतं? चढावर तुमचे ओठ निळे पडलेले बघत हॉर्न वाजवत पुढे जायचं? स्वतः दमलात म्हणून तुम्ही जन्मात थांबला नसतात. दुसऱ्याचं काही अडलं तरच तुम्ही थांबता. तीस वर्षं बघतेय. म्हणून दुसऱ्याचं अडवलं.”

“आज कुणी अडवायचं नाही.” त्याने सायकल काढली. दारात उभ्या राहिलेल्या पोरांना ओरडून सांगितलं, “तुम्ही पुढे व्हा. मॅलिन हेडच्या टॉवरपाशी भेटू. वाटेत कुणी चाक धरून बसलेलं दिसलं तर याद राखा!”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभात तार घालून डॉक्टरांनी नवा केला होता.

पोरं निघून गेली. व्हॅनही त्याच्याशी न बोलता दहा मिनिटांनी निघायची ती निघाली. पहिला हॉर्न आला तेव्हा त्याने हात वर केला नाही. दुसऱ्या वेळीही नाही. फाटकाशी लता थर्मास घेऊन उभी होती, तिच्याकडे न बघता तो पुढे गेला. बंक्रानाला समुद्र दिसला, तोही त्याने रागानेच बघितला. पुढचा चढ त्याने दात-ओठ खाऊन काढला आणि वर पोचल्यावर त्याला कळलं, की आज वाटेत थांबायला कुणाचं पंक्चर नाही. त्या खोट्या पंक्चरांची त्याला आठवण आली, आणि तशी आठवण आली म्हणून स्वतःचा जास्तच राग आला.

तरी पाय फिरत राहिले. पाय कुणाचे आहेत हे त्याला आता नीटसं सांगता आलं नसतं. कार्नडोनाला त्याने एकट्याने उभ्या उभ्या केळं खाल्लं. मॅलिन गाव आलं. गवताचं मैदान, पूल, खाडी, सगळं छान होतं आणि त्याला कशातच राम वाटत नव्हता. गाव मागे पडलं तसा हॉर्न आला, पीं-पीं, आणि व्हॅन पुढे गेली. पुढे एका वळणावर ती फाटकाशी उभी दिसली. काचा बंद होत्या. आज लता उतरलीही नव्हती. ‘फुगलीये, फुगू दे,’ असं म्हणून तो खाली मान घालून निघून गेला.

तिथून चढ लागला. शेवटचा. तीन किलोमीटरचा असेल, त्याला तो तीस वर्षांचा वाटला. दोनदा तो उतरायच्या बेतात आला आणि दोनदा उतरला नाही. माथ्यावर पोचला तेव्हा समोरच्या टेकडीवर तो जुना दगडी टॉवर दिसला. पायथ्याशी रंगीत ठिपके, म्हणजे ओजसचं पिवळं जॅकेट नक्कीच. जेमतेम दोन किलोमीटर. पुढे बहुतेक उतारच होता. छाती धडधडत होती, पण नीट, हिशेबात. जमलं होतं. त्याच्या पायांनी जमलं होतं.

आणि मग त्याच्या लक्षात आलं, की हॉर्न आला नाही.

चढ काढायला त्याला अर्धा तास लागला होता. दहा मिनिटं थांबून व्हॅनने कधीच गाठायला हवं होतं. त्याने मागे बघितलं. रस्ता खालपर्यंत दिसत होता आणि रिकामा होता. फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तेच.

‘रागावलीये,’ तो स्वतःशी म्हणाला. मग परात धरलेले तिचे थरथरणारे हात आठवले. रागावली असती तर लताने फोन उचलून सांगितलं असतं की मी रागावलेय. तीस वर्षांत तिने कधी फोन वाजू दिला नव्हता.

रविकांतने सायकल वळवली. पाठीमागून वारा लागला, या आठवड्यात पहिल्यांदाच. मिझनपासून ज्याची वाट पाहिली तो मागचा वारा, आणि तो त्याला टॉवरपासून लांब नेत होता. उतारावर त्याने एकदाही ब्रेक दाबला नाही. हे सगळं पुन्हा चढायचंय, हे माहीत असूनही नाही.

व्हॅन तिथेच होती. धोक्याचे दिवे लुकलुकत होते. लताचं डोकं स्टिअरिंगवर होतं.

 सायकल कुंपणावर टाकून तो दाराशी पोचला, काचेवर हात मारणार, तेवढ्यात त्याला ऐकू आलं. लता घोरत होती. लहान, थकलेलं, तालातलं घोरणं. थर्मासचं झाकण अजून तिच्या हातात होतं आणि त्यातला निवलेला चहा मांडीवर सांडला होता. आरशाला दोरीने तो स्प्रे टांगलेला होता, पटकन हाताला लागावा म्हणून. बाजूच्या सीटवर त्याचे सगळे रिपोर्ट, एका फाइलमध्ये, आणि फाइलखाली तिचा फोन. चपला काढलेल्या आणि पावलं सुजलेली, पट्ट्यांचे वळ उमटलेले.

तो काचेबाहेर उभा राहून बघत राहिला. ही पहाटे साडेचारला उठून मुक्कामाच्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटते, हे त्याला माहीत होतं, कारण त्या पोळ्या त्याने खाल्ल्या होत्या. पण ती झोपते कधी, हे त्याने कधी तपासलं नव्हतं. रात्री पाणी प्यायला उठला की ती जागी असायची. ‘आत्ताच जाग आली,’ म्हणायची. आठ महिने दर रात्री तिला आत्ताच जाग येत होती. ऑक्टोबरपासून ती त्याचा श्वास ऐकत पडली होती, आणि हा शहाणा आपण माणसासारखं जगत नाही म्हणून कुढत बसला होता. अकरा पंक्चरांत भोक शोधणाऱ्या माणसाला घरातलं एवढं दिसू नये! त्याला स्वतःची लाज वाटली, आणि तिचं फार वाईट वाटलं.

त्याच्या खिशातला फोन थरथरला. ओजस. रविकांत लांब जाऊन हळू आवाजात बोलला.

“काका, वर दिसला होतात आणि मग गायब! ऑल ग्रँड ना? सगळं ठीक? आम्ही परत येऊ का?”

“पंक्चर झालंय रे.”

पलीकडून ओजसने विचारलं, “कुणाचं?”

“माझं. तुम्ही थांबा तिथेच.”

त्याने फोन ठेवला, सायकलपाशी गेला आणि पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हची पिन अंगठ्याने दाबली. फुस्स झालं. रस्त्यावर आवाज असा काहीच नव्हता, त्यामुळे ते बरंच मोठ्याने झालं.

लता दचकून उठली. दार उघडून अनवाणीच खाली उतरली. “काय झालं? छातीत दुखतंय? स्प्रे—”

“काही नाही. पंक्चर.”

तिने चाकाकडे बघितलं. मग रस्त्याच्या वरच्या बाजूला बघितलं, जिथून तो आला होता. मग त्याच्याकडे.

“कशाने झालं?”

“शोधावं लागेल. अर्धा तास तरी जाईल. तू पड जरा.”

 लता व्हॅनमध्ये चढली, मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन आडवी झाली आणि डोळे मिटून म्हणाली, “पाऊण लागू दे.”

रविकांतने आपलं जॅकेट तिच्या पावलांवर टाकलं. दार आवाज न करता लावलं. मग गवतात बसून त्याने चाक मांडीवर घेतलं आणि भोक शोधायला लागला.